शेवटचं काम कुणाच्या हातून व्हावं?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

गेल्या अंकात म्हाताऱ्या कुत्र्यांच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं. त्यावर औषधांविषयी पत्रं आलीच, पण बऱ्याच जणांनी त्याच्या पुढचं विचारलं. जनावर गेल्यावर काय करायचं, आणि आम्ही जे केलं ते बरोबर होतं का? अशी चार पत्रं या वेळी घेते. नावं काढली आहेत, मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. मी आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत आणि नंतर पुण्यात काम केलं, त्यामुळे बैल आणि सोफ्यावर झोपणारं मांजर दोन्हींच्या मालकांचं रडणं जवळून पाहिलं आहे. त्या अनुभवावरच हे लिहिते आहे.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही धायरीला राहतो, बैठं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे. सासऱ्यांनी शिरूरकडच्या गावाहून येताना खोक्यातून कोंबडीची दोन पिल्लं आणली होती. एक गेलं, दुसऱ्याचा कोंबडा झाला. मुलीने त्याचं नाव शेंड्या ठेवलं. ती शाळेतून आली की तो तिच्या दप्तरावर चढून बसायचा. मागच्या महिन्यात एका भटक्या कुत्र्याने त्याला धरलं. सोडवला, पण मान आणि एक पंख पार फाटला होता. सासरे म्हणाले, हा काही वाचत नाही, आणि त्यांनी तिथेच त्याला कापलं. मला वाटलं आता खड्डा खणतील. त्यांनी पाणी तापत ठेवलं. "चांगला गावरान कोंबडा मातीत घालायचा का?" म्हणाले. रात्री रस्सा झाला. मिस्टर नीट जेवले, मी दोन घास खाल्ले. मुलीला सांगितलं की शेंड्याला गावी पाठवलं, तिकडे त्याला सोबत आहे. तिने त्याच रश्श्यात भाकरी कुस्करून खाल्ली. आता रोज विचारते, गावी कधी जायचं? आमच्या हातून पाप झालं का? सासऱ्यांशी मी धड बोलत नाहीये.
— एक वाचक, धायरी

उत्तर : आधी एक गोष्ट विचारते, कारण तिचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. कोंबडा सोडवताना कुणाला त्या कुत्र्याचा दात किंवा नख लागलं का? हाताला चीर असताना कुणी लाळेने भिजलेली ती जखम चाचपली का? तसं असेल तर महिना झाला म्हणून थांबू नका, उद्याच दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. शिजलेल्या रश्श्याने काही होत नाही, उकळल्यावर तो विषाणू टिकत नाही. धोका असतो तो ओल्या जखमेला हात लावणाऱ्याला.

आणि हे निघालंच आहे तर सगळ्याच वाचकांना सांगते. जिवंतपणी कापलेला कोंबडा आणि आपसूक मेलेला कोंबडा यांत फार फरक आहे. मेलेल्याचं रक्त अंगातच राहतं, आतड्यातले जंतू काही तासांत मांसात उतरतात, आणि तो कशाने मेला हे आपल्याला ठाऊक नसतं. मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) गावात शिरली की एका रात्रीत खुराडं रिकामं होतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हाही सुरुवात कोंबड्या पटापट मरण्यापासूनच झाली होती. खुराड्यात मेलेली सापडलेली कोंबडी कितीही ताजी वाटली तरी चुलीवर चढवायची नाही. तुमच्या सासऱ्यांनी ते केलं नाही.

आता पापाचं बोलू. सासऱ्यांनी शेंड्याला कापलं, हे त्या घटकेला त्याच्यासाठी कुणी करू शकलं असतं त्यातलं सगळ्यात दयेचं काम होतं. मान फाटलेला पक्षी रिक्षात घालून माझ्याकडे आणला असता तर मीही बहुधा त्याला वेदनेतून सोडवायचंच, म्हणजे शांतपणे मरण देणारं इंजेक्शन दिलं असतं, आणि तोवर तो अर्धा तास तडफडला असता. त्यांनी दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही, तोंड फिरवलं नाही, स्वतः केलं. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मग रस्सा. सासऱ्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण शिरूरकडच्या त्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला असतो. खडी फोडायला गेलेली, सुकडीवर दिवस काढलेली माणसं आहेत ती. अन्न मातीत पुरणं हे त्यांच्या लेखी चुकीचं, आणि आपल्याच हातांनी वाढवलेला कोंबडा खाणं अगदी सरळ. मी दवाखान्यात असताना बाया पदराखाली कोंबडी धरून यायच्या. पांगळी झालेली असायची, नाहीतर तिच्या गळ्याखालच्या पिशवीत दाणा अडकून दगड झालेला असायचा. एकजण ओंजळीत कोंबडीचं डोकं धरून बोटाने तिच्या चोचीत तेल सोडत होती, इतक्या हळुवारपणे की मी बघत राहिले. आणि त्याच दमात मला विचारत होती, "बरी व्हती का? न्हाय तर आजच कापते, पावनं यायच्यात." तिचा त्या कोंबडीवरचा जीव खोटा नव्हता. अंगणातल्या कोंबडीवर आपल्याकडे असंच प्रेम केलं जातं, आणि तिला खाल्लंही जातं. ते प्रेम तुमच्या मुलीच्या प्रेमापेक्षा कमी प्रतीचं आहे, असं मी म्हणणार नाही.

पण शेंड्या अंगणातला कोंबडा राहिला नव्हता. मुलीने त्याला घरात घेतलं होतं. सासऱ्यांना तो बदल दिसला नाही, तुम्हाला दिसत होता आणि तुम्ही बोलला नाहीत. तुमच्या घशात तो घास अडकला, तो त्यामुळे.

१९९३ साली जोनाथन हाइट हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या आणि अमेरिकेतल्या लोकांना अशाच काही गोष्टी सांगून प्रश्न विचारले होते. त्यातली एक अशी : घरचा कुत्रा दारासमोर गाडीखाली मेला, घरच्यांनी ऐकलं होतं की कुत्र्याचं मांस चवदार असतं, म्हणून त्यांनी तो शिजवून खाल्ला. हे चूक आहे का? सुस्थितीतल्या शिकलेल्या लोकांपैकी, विशेषतः अमेरिकेतल्या, पुष्कळ जणांनी सांगितलं की किळस येते, पण कुणाचं नुकसान झालं नाही, तेव्हा तो त्यांचा त्यांचा प्रश्न. गरीब वस्त्यांतल्या बहुतेकांनी ते चूकच ठरवलं, नुकसान दाखवता आलं नाही तरी. मला यात गरीब वस्त्यांतल्या लोकांचं म्हणणं अधिक मनाला लागतं. ज्याला आपण घरचा म्हटलं त्याच्याशी मेल्यावर कसं वागायचं, हे फक्त नुकसानीच्या हिशेबावर ठरत नाही. तरी त्या गोष्टीतल्या घरात एक बरं होतं, ताटात काय आहे हे ताटावर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या घरात एका जिवाला माहीत नव्हतं, आणि शेंड्यावर सगळ्यात जास्त हक्क तिचाच होता.

म्हणून मला खाण्यापेक्षा मुलीला न सांगता खाऊ घातलं हे फार मोठं वाटतं. ते अजून सुधारता येईल. तिला खरं सांगा. लवकर सांगा, शेजारच्या पोरांकडून कळायच्या आत. तुम्ही आणि तिचे आजोबा दोघांनी मिळून बसा. आधी कुत्र्याचं सांगा, मग आजोबांनी त्याचे हाल थांबवले ते सांगा, मग जेवणाचं सांगा. ती रडेल, आजोबांवर चिडेल, कदाचित काही दिवस मटण-चिकनला हात लावणार नाही. लावू नये. तिला समजावायला जाऊ नका की अगं सगळेच खातात. आणि त्याआधी सासऱ्यांशी तुमचं बोलणं सुरू करा. "आबा, पोरीचा जीव होता त्याच्यावर, मला तेव्हाच बोलायला हवं होतं" एवढं म्हटलंत तरी पुष्कळ आहे. माझा अंदाज असा, की त्यांनाही त्या रात्रीनंतर चैन नसेल.

प्रश्न : आम्ही कोंढव्याला असतो. बकरी ईदच्या महिनाभर आधी घरी बोकड आणून ठेवायची आमची पद्धत. यंदा धाकट्याने, तो आठ वर्षांचा आहे, त्याला जीव लावला. गाजराची सालं राखून ठेवायचा, रात्री त्याच्याजवळ जाऊन बसायचा. आता पुढच्या वर्षी बोकड आणूच नका म्हणतो. अब्बा म्हणतात, ज्याच्यावर जीव जडला त्याचीच कुर्बानी खरी. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, मुलाला असं करायला लावणं म्हणजे क्रूरपणा. मी कुणाचं ऐकू?
— एक आई, कोंढवा

उत्तर : धर्माचं तुमच्या घरातल्या आणि मशिदीतल्या जाणत्यांनी सांगावं. मी बोकडाच्या बाजूने आणि मुलाच्या बाजूने बोलते.

बोकडाच्या बाजूने पाहिलं तर तुमच्या परंपरेतच त्याची काळजी सांगितलेली आहे. सुरी धारदार हवी, ती त्याच्यासमोर परजायची नाही, एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, त्याला खाऊपिऊ घालून शांत ठेवायचं. ईदच्या आधी तपासायला आणलेले बोकड मी पुष्कळ पाहिले. जी पोरं त्यांना महिनाभर सांभाळतात, त्यांच्याच बोकडांची खुरं साफ असतात आणि डोळ्यांत तरतरी असते. ट्रकमधून उतरून थेट बाजारात उभ्या केलेल्या बोकडाच्या मानाने तुमच्या मुलाच्या बोकडाचा महिना फार बरा गेला. त्याने त्याचं वाईट केलं नाही, हे मुलाला नक्की सांगा.

मुलाच्या बाजूने तीनच गोष्टी. पुढच्या वर्षी बोकड घरी येईल त्याच दिवशी, दावं त्याच्या हातात देण्याआधी, हा कशासाठी आणला आहे ते सांगा. मग त्याला जवळ जायचं की लांब राहायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. कापताना त्याला उभं करू नका. आणि त्याने ते मटण नको म्हटलं तर ताटावर विषय काढू नका. नातेवाइकांचा आणि गरिबांचा वाटा पोचवायला मात्र त्याला सोबत न्या. त्याच्या बोकडाचं पुढे काय झालं, कुणाच्या घरी चूल पेटली, हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तुमच्या अब्बांचं वाक्य मोठ्या माणसासाठी खरं असेल, पण आठ वर्षांच्या मुलाने तो त्याग स्वतःहून पत्करलेला नाही. मैत्रिणीला विचारा, त्यांच्या घरी मटण येतं तेव्हा मुलांना काय सांगतात?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त वाकडला राहतो, गाव खेड तालुक्यात. आमचा सर्जा आता पार थकलाय. बसला की चौघांनी उठवावा लागतो. वडिलांनी त्याच्या जोडीने सगळी शेती केली, ट्रॅक्टर आल्यावरही त्याला विकला नाही. ते म्हणतात, गेला की आपल्याच रानात पुरायचा, बांधाला. एक व्यापारी म्हणतो, मी येऊन घेऊन जातो, कातड्याचे पैसेही देतो. वडिलांना तो सर्जाचा अपमान वाटतो. चुलते म्हणतात, पूर्वी वस्तीवरची माणसं येऊन ओढून न्यायची, आता बोलावलं तर येत नाहीत, नाहीतर हा प्रश्नच आला नसता. विहीर जवळ आहे, त्याचीही भीती वाटते. काय करावं?
— एक वाचक, वाकड

उत्तर : सर्जा जिवंत असताना तुम्ही हे विचारलंत, हे फार बरं केलंत. बहुतेक फोन मला जनावर फुगून चारी पाय ताठ झाल्यावर येतात, आणि तेव्हा मग जे मिळेल ते केलं जातं.

चुलत्यांच्या वाक्यापासून सुरुवात करते. ते मी छापताना गाळलं नाही, कारण अजून अनेक गावांत ते सहज बोललं जातं. का यावं त्या माणसांनी? मेलेलं ढोर ओढून गावाबाहेर नेणं आणि फाडणं हे काम गावाने पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींवर, आपल्याकडे मुख्यतः महारांवर, लादलं. मोबदला म्हणून त्याच जनावराचं मांस त्यांच्या पदरात टाकलं, आणि ते खातात म्हणून पुन्हा त्यांनाच विटाळ ठरवलं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं लोकांना निक्षून सांगितलं. लोकांनी ते सोडलं, ढोरं ओढणंही सोडलं, आणि त्यापायी अनेक ठिकाणी गावाचा बहिष्कार सोसला. अगदी अलीकडे, २०१६ साली, गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना फटके मारले गेले, आणि त्यानंतर तिथे हजारो लोकांनी हे काम यापुढे करणार नाही अशी शपथ घेतली.

मेलेलं लाडकं जनावर खावं की पुरावं, हा प्रश्न दुसरीकडे कुठे विचार करून पाहण्याचा असेल. आपल्याकडे ज्याने बैलाला पोळ्याला ओवाळलं, त्याने तो मेल्यावर हात लावला नाही. आणि ज्याचा त्या बैलाशी काही संबंध नव्हता, त्याला तो ओढायला आणि खायला लावलं. भाद्रपदातल्या पोळ्याला शिंगं रंगवून, झूल घालून, पुरणपोळीचा घास देऊन ज्याच्या पाया पडलो, त्याला शेवटी उचलायला दुसऱ्या वस्तीवरची माणसं हवीत, यात प्रेम कुठे आहे ते मला इतकी वर्षं काम करून कळलेलं नाही. तुमचे वडील पुरायचं म्हणतात, स्वतःच्या रानात, स्वतः. त्यांचं बरोबर आहे. चुलत्यांना हे समजावून सांगायची जबाबदारी तुमची.

हे काम हलकं नाही हे करून दाखवणारी माणसं आपल्याकडे झाली. कणकवलीला गोपुरी आश्रम काढणारे अप्पासाहेब पटवर्धन ब्राह्मण घरात जन्मले, आणि मेलेली जनावरं फाडण्याचं काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. गांधीजींचाही आग्रह असे की चामडं वापरायचंच तर आपसूक मेलेल्या जनावराचं वापरावं. त्यामुळे कातडं काढणं हा अपमान आहे, असं मी तुमच्या वडिलांना सांगणार नाही. आयुष्यभर राबलेल्या बैलाच्या कातड्याची कुणाच्या पायात चप्पल झाली तर मला त्यात गैर दिसत नाही. पण ते कातडं कोण काढणार, त्याला हातमोजे मिळणार का, मजुरी काय, उरलेलं धड कुठल्या ओढ्यात जाणार, हे व्यापाऱ्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. आणि बैल वडिलांचा आहे. त्यांच्या मनाला पटत नसेल तर विषय तिथेच संपवा.

आता पुरायचं कसं ते नीट सांगते. अर्धवट पुरलेलं जनावर कुत्री दुसऱ्या रात्री उकरतात, आणि ते बघणं वडिलांना झेपणार नाही.

जागा आजच ठरवा. विहीर, बोअर आणि ओढा यांपासून जितकी लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला मिळेल तितकी बरी. बांध विहिरीच्या वरच्या बाजूला असेल तर बांधाचा हट्ट सोडायला सांगा. जिथे पावसाळ्यात खड्डा खणला की पाणी लागतं, ती जागा नको. खड्डा हाताने होणार नाही, जेसीबी लागेल. चालकाला आधीच सांगून ठेवा, पैसे ठरवून ठेवा. सहा-सात फूट खोल आणि बैल कुशीवर आडवा मावेल इतका लांब-रुंद. तळाला चुना, वर चुना, मग माती, आणि माती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच राहील अशी चढवायची, कारण ती पुढे खचते. प्लास्टिक, ताडपत्री, नायलॉनचे दोर काहीही आत जाऊ द्यायचं नाही. वेसण कापून काढा, म्होरकी काढा. झूल सुती असेल तर असू द्या. लंपीच्या साथीत २०२२ साली गावोगाव अशीच चुन्यात पुरलेली जनावरं आपण पाहिली. तेव्हा ते भीतीपोटी केलं, पण पद्धत तीच योग्य आहे.

सर्जा म्हातारपणाने गेला तर हे सगळं. पण एखादं जनावर धडधाकट असताना अचानक मेलं, आणि नाकातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त आलं, तर त्याला सुरी लावू नका, कातडं काढू देऊ नका, ओढूही नका. ती फाशी (अँथ्रॅक्स) असू शकते, माणसात तिला काळपुळी म्हणतात. धड उघडलं की त्या जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. आधी सरकारी दवाखान्याला कळवायचं.

दुखण्यासाठी सर्जाला कुणी इंजेक्शन देत असेल तर कुठलं देतो ते विचारा. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, तरी माणसांसाठीचं औषध गुपचूप टोचलं जातं. ते औषध दिलेलं जनावर मेल्यावर उघड्यावर पडलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली बहुतेक गिधाडं १९९० नंतरच्या काही वर्षांत अशीच संपली. पूर्वी ढोरफोडीच्या जागेवर ती शेकड्यांनी उतरायची, हे तुमचे वडील सांगतील. मेलॉक्सिकॅम चालतं, गिधाडांना त्याचा त्रास होत नाही. डॉक्टरांकडे तेच मागा.

बैलाचा विमा असेल तर कानातला बिल्ला काढू नका आणि पंचनाम्याआधी पुरू नका. विमा नसला तरी दवाखान्यातून मृत्यूचा दाखला घेऊन ठेवा, पुढे कुणी शंका काढली तर हाताशी असलेला बरा.

आणि हे सगळं व्हायच्या आधी, बसलेल्या बैलाची कूस दिवसातून तीन-चार वेळा बदला, खाली उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा जाड अंथरा. हाडाच्या टोकावर एकदा जखम पडली की तीत किडे होतात आणि मग शेवट फार वाईट होतो. तो उठेनासा झाला, खाणं सोडलं, आणि वडिलांना त्याच्याकडे बघवेना, तर डॉक्टरांना सोडवायला बोलवा. तेही करता येतं, आणि ते करणं म्हणजे त्याला टाकणं नव्हे.

प्रश्न : आमची लॅब्राडोर बाणेरच्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता गेली. आजारी होती, डॉक्टरांनी घरी येऊन झोपवण्याचं इंजेक्शन दिलं होतं. सोसायटीच्या बागेत पुरायला सेक्रेटरी नाही म्हणाले. आम्ही दोघंही खचलो होतो. वॉचमनकाकांना पाचशे रुपये दिले, त्यांनी तिला पोत्यात घालून नेलं. दुसऱ्या दिवशी कळलं की नदीकाठी टाकून आले. आता तिच्या नावाने अन्नदान करावं का? अस्थीही नाहीत आमच्याकडे.
— एक दाम्पत्य, बाणेर

उत्तर : तुमचं दुःख मला समजतं, तरी आधी वॉचमनकाकांचं बोलते. रात्री दोन वाजता तीस किलोचं मेलेलं जनावर एका पगारी माणसाच्या पाठीवर दिलं गेलं आणि कुठे न्यायचं ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्यांच्याकडे जाऊन बसा, माफी मागा, पाकीट देऊ नका. नोकरी जाईल म्हणून ते नाही म्हणू शकले नसतील.

दुसरं, ती जागा ते दाखवतील. जमत असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला कळवून तिला तिथून उचलायला लावा, आणि तुम्ही सोबत जा. हे भावनेपोटी सांगत नाही. झोपवण्याचं इंजेक्शन दिलेल्या जनावराच्या अंगात ते औषध बरेच दिवस राहतं. तिला खाणारी घार, मुंगूस, दुसरं एखादं कुत्रं त्याने मरू शकतं. ज्यांच्या घरी हे इंजेक्शन दिलं जाणार असेल, त्यांनी डॉक्टरांना त्याच वेळी विचारावं की दहन करायचं की पुरायचं. डॉक्टरांनीही न विचारता सांगावं.

महापालिकेकडे मेलेल्या जनावरांच्या दहनाची सोय आहे. रात्री ती मिळाली नाही तर सकाळपर्यंत थांबता येतं. अंग जुन्या चादरीत गुंडाळायचं, खाली बर्फाच्या पिशव्या, खोलीतला पंखा किंवा एसी सुरू, आणि लहान मुलांना जवळ येऊ द्यायचं. सहा-सात तास काही बिघडत नाही. गाडीत नेताना चौघे लागतात, एकाने डोकं धरायचं.

अन्नदान करायचं असेल तर जरूर करा. मला विचाराल तर परिसरातल्या भटक्या कुत्र्यांच्या रेबीजच्या लसीकरणाला त्या पैशांचा जास्त उपयोग होईल. पहिल्या पत्रातला शेंड्या आठवा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय लिहून द्या : क्षेत्रीय कार्यालयाचा आणि जवळच्या पशुवैद्याचा नंबर सूचना फलकावर लावायचा, आणि जनावर उचलायचं काम वॉचमन किंवा सफाईच्या मावशींना सांगायचं नाही, ज्यांच्या घरचं असेल त्यांनी आणि शेजाऱ्यांनी करायचं. सेक्रेटरी कुरकुर करतील. ठराव करून घ्या.